'पॅटर्न' : एका इंग्रजी शब्दाचा मराठवाडी इतिहास

१

मराठीत आलेल्या इंग्रजी शब्दांची चर्चा आपल्याकडे प्रामुख्याने दोन अंगांनी झाली आहे. एक अंग भाषाशुद्धीचे. त्यात परका शब्द कोणता आणि त्याला पर्याय कोणता, एवढाच प्रश्न असतो. दुसरे अंग भाषाविज्ञानाचे. त्यात शब्दाचा उच्चार, लिंग, सामान्यरूप यांची नोंद होते. या दोन्ही चर्चांतून एक टप्पा बहुधा निसटतो. शब्द आला, रुळला, आणि मग लोकांनी त्याला असा एक अर्थ दिला की जो मूळ भाषेत त्याला कधीच नव्हता, असा हा टप्पा. तो घडतो कट्ट्यावर, वसतिगृहात, खाणावळीत, एस. टी. स्थानकावर. म्हणजे ज्या बोलीला आपण अशिष्ट म्हणून बाजूला ठेवतो त्या बोलीत. तिची दखल कोशकार उशिरा घेतात आणि समीक्षक त्याहून उशिरा.

प्रस्तुत लेखात 'पॅटर्न' या शब्दाच्या अशा प्रवासाचा विचार करावयाचा आहे. इंग्रजीत हा अगदी रोजच्या वापरातला शब्द. कापडावरची नक्षी, शिंप्याने बेतण्यासाठी वापरायचा कागदी नमुना, पुनःपुन्हा आढळणारी रचना, हे त्याचे सर्वपरिचित अर्थ. 'आपला पॅटर्नच वेगळा' या आज महाराष्ट्रभर ऐकू येणाऱ्या वाक्यात मात्र यांपैकी एकही अर्थ बसत नाही. किंबहुना तेथील अर्थ या साऱ्यांच्या उलट दिशेला जातो. ज्याबरहुकूम दुसरी वस्तू करता येते तो नमुना. 'पॅटर्नच वेगळा' असे म्हणणारा सांगत असतो की आमच्यासारखे इतर कोणाला होता येणार नाही. अनुकरणीय गोष्टीचे नाव अननुकरणीय गोष्टीचे नाव कसे झाले, हा या लेखाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर लातूर आणि नांदेड या दोन शहरांच्या शैक्षणिक इतिहासात मोठ्या प्रमाणात सापडते, असे माझे प्रतिपादन आहे.

२

प्रथम शब्दाची मूळ कुळी पाहू. इंग्रजी 'पॅटर्न' हा शब्द 'पेट्रन' या शब्दाचेच दुसरे रूप आहे. दोहोंचे मूळ लॅटिन 'पत्रोनुस'. या शब्दाचा अर्थ पालक, आश्रयदाता, आणि त्याच्या मुळाशी पित्याचा वाचक शब्द, म्हणजे आपल्या 'पितृ'चा दूरचा भाऊबंद. आश्रयदाता अनुकरणीय असतो, म्हणून तो आदर्श. आदर्शाबरहुकूम वस्तू घडवायची, म्हणून तो नमुना. असा हा अर्थविस्तार आहे. इंग्रजीत कालांतराने माणसासाठी एक रूप आणि नमुन्यासाठी दुसरे रूप अशी वाटणी झाली. फ्रेंचमध्ये ती झाली नाही. तेथे आजही मालकाला आणि शिवणकामाच्या कागदी नमुन्याला एकच शब्द आहे. माणूस आणि नमुना यांचे हे जुने नाते मराठी रस्त्यावर पुन्हा कसे जुळले, ते पुढे दिसेल.

मराठीत या शब्दाला शेजारी कमी नव्हते. 'नमुना' हा फारसीतून आलेला, 'मासला', 'वानगी', 'कित्ता', 'साचा', 'घाट', 'धाटणी', 'वळण' असे कितीतरी शब्द या अर्थक्षेत्रात आधीपासून नांदत होते. यांतील काहींचा इतिहास आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने बोलका आहे. 'नमुना' हा शब्द एकीकडे महसूल खात्यात स्थिरावला. गाव नमुना सात, गाव नमुना बारा, ग्रामपंचायतीचा नमुना आठ या साऱ्यांत तो ठरीव चौकटीचा वाचक आहे. दुसरीकडे 'काय नमुना आहे!' या उद्गारात तोच शब्द चौकटीत न बसणाऱ्या माणसाला लागला. 'मासला' म्हणजे वानगी. पण 'मासलेवाईक' माणूस म्हणजे चारचौघांसारखा नसलेला. 'वल्ली' हा मुळात अरबी शब्द, संत किंवा पालक या अर्थाचा. मराठीत तो विक्षिप्त, लोकविलक्षण माणसाचा वाचक झाला, आणि पु. ल. देशपांडे यांच्या 'व्यक्ती आणि वल्ली' या पुस्तकाने तो घरोघर पोहोचवला.

तेव्हा नमुन्याच्या किंवा आदर्शाच्या वाचक शब्दाने विलक्षण व्यक्तीकडे सरकावे, ही मराठीची जुनीच खोड आहे. 'तो काही वेगळाच पॅटर्न आहे' असे एखाद्याविषयी आपण म्हणतो तेव्हा नमुना, मासला आणि वल्ली यांनी पाडलेल्या वाटेनेच हा इंग्रजी शब्द चाललेला असतो. त्याने नमुन्याचे पुल्लिंगही घेतले आणि बोलण्यात 'प्याटर्न' असे देशी उच्चारणही घेतले. येथपर्यंत त्याच्यात नवल करण्यासारखे काही नाही. नवल पुढे आहे. 'नमुना' आपण दुसऱ्याला म्हणतो, आणि त्यात थट्टा असते. 'पॅटर्न' बोलणारा स्वतःचा सांगतो, आणि त्यात अभिमान असतो. तृतीयपुरुषी उपहासाचे प्रथमपुरुषी अभिमानात झालेले हे रूपांतर भाषेच्या सर्वसाधारण खोडीने स्पष्ट होत नाही. त्यासाठी इतिहासाकडेच वळावे लागते.

३

मराठवाड्याचा शैक्षणिक इतिहास हा उशिराचा इतिहास आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू, १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाची शिक्षणभाषाही उर्दू. मराठीतून शिकू पाहणाऱ्याला शाळा विरळ आणि महाविद्यालय त्याहून विरळ. नांदेडचे पीपल्स कॉलेज १९५० साली स्थापन झाले, औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली आले, लातूरचे दयानंद महाविद्यालय १९६१ साली आणि राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० साली. पुणे-मुंबईत ज्या गोष्टींना शंभर वर्षांची परंपरा होती त्या येथे एका पिढीच्या आत उभ्या कराव्या लागल्या. १९७४ साली विद्यार्थ्यांनी उभारलेल्या मराठवाडा विकास आंदोलनाच्या मुळाशी शिक्षण आणि नोकरी हेच प्रश्न होते. पुढे दांडेकर समितीने प्रादेशिक असमतोलाचा हिशेब मांडला आणि 'अनुशेष' हा शब्द मराठवाड्याच्या ओळखीचा भाग बनला. ज्या प्रदेशाचे वर्णन नेहमी उणेपणाच्या शब्दांनी होते त्या प्रदेशात एखादा अधिकपणाचा शब्द जन्माला आला तर त्याला किती किंमत येत असेल, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

याच काळात इंग्रजी 'पॅटर्न'ला शासकीय मराठी मिळत होती. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले आणि राजव्यवहारासाठी संस्कृतनिष्ठ परिभाषा घडू लागली. 'आकृतिबंध' हा याच घडणीचा शब्द. कोठारी आयोगाने पुरस्कारिलेली १०+२+३ ही शिक्षणरचना महाराष्ट्राने स्वीकारली, १९७५ साली दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली, आणि 'नवा आकृतिबंध' हे शब्द शाळाशाळांत पोहोचले. कर्मचाऱ्यांच्या मंजूर पदांचाही 'आकृतिबंध'च असतो. साहित्यसमीक्षेनेही कवितेच्या आणि कादंबरीच्या अंतर्गत रचनेविषयी बोलताना हाच शब्द वापरला. म्हणजे एकच इंग्रजी संज्ञा मंत्रालयात आणि समीक्षेत 'आकृतिबंध' झाली, आणि वर्गात, खाणावळीत, बसमध्ये 'पॅटर्न'च राहिली. 'पेपरचा पॅटर्न बदलला' असेच विद्यार्थी म्हणत राहिले. 'आकृतिबंध' हा वरून आलेला, ठरवून दिलेला असतो; त्याला गावाचे नाव लागत नाही. 'पॅटर्न'ला ते लागले, आणि येथून त्याचा स्वतंत्र इतिहास सुरू होतो.

४

१९८२ साली उस्मानाबाद जिल्ह्याचे विभाजन होऊन लातूर जिल्हा अस्तित्वात आला. त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत लातूरच्या महाविद्यालयांनी, विशेषतः राजर्षी शाहू महाविद्यालयाने, बारावी विज्ञान शाखेच्या निकालात जे यश मिळवले त्याला 'लातूर पॅटर्न' हे नाव पडले. या घडणीशी प्राचार्य जनार्दन वाघमारे आणि प्राचार्य अनिरुद्ध जाधव यांची नावे निगडित आहेत. पद्धतीत गूढ असे काही नव्हते. अभ्यासक्रम लवकर संपवायचा. उरलेल्या काळात सराव परीक्षांमागून सराव परीक्षा घ्यायच्या. प्रत्येक उत्तरपत्रिका तपासून चुका विद्यार्थ्याच्या समोर ठेवायच्या. सुट्ट्या कमी करायच्या. प्राध्यापकांनी वर्गाबाहेरही उपलब्ध राहायचे. ज्या विद्यार्थ्याच्या घरात यापूर्वी कोणी विज्ञान शिकलेले नाही, ज्याचे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठीतून झाले आहे आणि ज्याला अकरावीत एकदम इंग्रजी पाठ्यपुस्तकांशी झुंजावे लागते, त्याला या पद्धतीचा अर्थ वेगळा होता. पुण्यातील मुलाला जे घरातून, शेजारातून, ओळखीतून मिळत होते, ते येथे वेळापत्रकातून देण्याचा हा प्रयत्न होता.

त्या यशाला ठोस व्यावहारिक फळ होते. वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतील प्रवेश तेव्हा बारावीच्या गुणांवर होत. मराठवाड्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालये मोजकीच. औरंगाबादचे १९५६ चे, त्यानंतर अंबाजोगाईचे, नांदेडचे १९८८ चे, आणि खुद्द लातूरचे तर थेट २००२ चे. वैद्यकीय प्रवेशातील सत्तर टक्के जागा त्या त्या विभागातील विद्यार्थ्यांसाठी आणि तीस टक्के इतरांसाठी, हे सूत्र २०२० साली रद्द होईपर्यंत चालत राहिले. अशा परिस्थितीत एकेका गुणाला जमिनीच्या तुकड्याइतके मोल होते. कोरडवाहू शेतीच्या घरातला मुलगा डॉक्टर होणे म्हणजे एका कुटुंबाचा कित्येक वर्षांचा इतिहास बदलणे.

'लातूर पॅटर्न' या नामरचनेकडेही बारकाईने पाहावे. मराठी परंपरेने गावावरून विशेषण करायचे ते 'ई' लावून: पैठणी, कोल्हापुरी, बिदरी. किंवा षष्ठीने: लातूरची डाळ, नांदेडचा बाजार. 'लातूर पॅटर्न'मध्ये यांपैकी काहीच नाही. गावाचे नाव जसेच्या तसे, आणि त्याला चिकटून इंग्रजी नाम. ही शासकीय योजनेच्या किंवा औषधाच्या नावाची धाटणी आहे. तिच्यात एक दावा दडलेला आहे. पैठणी पैठणचीच असते. 'लातूर पॅटर्न' मात्र लातुरात निर्माण झाला असला तरी अन्यत्र नेता येतो, इतर गावांनी तो गिरवावा असा आहे. आजवर इतरांचा कित्ता गिरवणाऱ्या प्रदेशाने प्रथमच इतरांसाठी कित्ता घातला, हे या दोन शब्दांनी जाहीर केले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, हजारो माणसे गेली, आणि लातूरचे नाव जगभर पोहोचले ते उद्ध्वस्ततेची खूण म्हणून. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले तेव्हा ते पुन्हा पोहोचले ते तहानेची खूण म्हणून. या दोन बातम्यांच्या मध्ये, आधी आणि नंतर लातूरकरांना स्वतःविषयी सांगण्यासारखी जी एक गोष्ट होती, तिचे नाव 'पॅटर्न' होते.

आक्षेप अर्थातच होते, आणि ते गंभीर होते. ही घोकंपट्टी आहे, येथे ज्ञानापेक्षा गुणांची उपासना होते, हुशार विद्यार्थी गोळा करून यश दाखवणे सोपे असते, असे म्हटले गेले. या आक्षेपांत तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. तथापि त्यांतील काहींचा सूर तपासून पाहण्यासारखा आहे. सराव, पुनरावृत्ती, उत्तरपत्रिकांची छाननी या गोष्टी शहरातील नामांकित खाजगी शिकवणीत झाल्या तर त्यांना 'मार्गदर्शन' म्हणत, आणि लातूरच्या महाविद्यालयात झाल्या तर 'पॅटर्न'. म्हणजे या शब्दात प्रारंभापासून दोन स्वर होते. बाहेरच्याच्या तोंडी त्यात काहीशी शंका होती, आतल्याच्या तोंडी अभिमान. बाहेरच्याने शंकेने उच्चारलेला शब्द आतल्याने अभिमानाने धारण करावा, ही सामाजिक इतिहासात नेहमी घडणारी गोष्ट आहे. आजच्या 'आपला पॅटर्न' या प्रयोगातील प्रथमपुरुषी सर्वनामाचा उगम मला येथे दिसतो.

५

लातूरशेजारच्या नांदेडने याच शब्दाला दुसरा अर्थ दिला. २०१० च्या सुमारास जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांच्या कारकिर्दीत नांदेड जिल्ह्यात कॉपीमुक्त परीक्षांचे अभियान झाले. शाळांच्या पटावरील विद्यार्थी प्रत्यक्षात आहेत की नाहीत याची पडताळणीही तेथे प्रथम झाली, आणि ऑक्टोबर २०११ मध्ये ती राज्यभर करण्यात आली. यालाही 'नांदेड पॅटर्न' असे म्हटले गेले. दोन शेजारी जिल्ह्यांत, दोन दशकांच्या अंतराने, एकाच परीक्षेविषयी हा शब्द दोन प्रकारे वापरला गेला. लातुरात तो परीक्षेला अधिक समर्थपणे सामोरे जाण्याचे नाव होते, नांदेडात परीक्षेची अब्रू राखण्याचे. दोहोंत गृहीत मात्र एकच: परीक्षा हेच जीवनाचे महाद्वार आहे.

नांदेडचा आणखी एक वारसा आहे, ज्याला कोणी कधी 'पॅटर्न' म्हटले नाही. स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या पीपल्स कॉलेजात नरहर कुरुंदकर शिकवत होते, पुढे प्राचार्य झाले. इंटरच्या परीक्षेत अनेकदा अनुत्तीर्ण झालेला हा माणूस इतिहासापासून नाट्यशास्त्रापर्यंतच्या विषयांवर महाराष्ट्रभर व्याख्याने देत हिंडला आणि १९८२ साली अकाली गेला. त्यांच्याभोवती वादविवादाची, वाचनाची, मतभेद सहन करण्याची जी परंपरा निर्माण झाली तिचे मोजमाप गुणवत्ता यादीत होत नव्हते, म्हणून तिला नमुन्याचे नाव मिळाले नाही. लातूरच्या बाबतीतही अशीच एक विसंगती आहे. शाहू महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य जनार्दन वाघमारे हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याचे अभ्यासक. मराठी वाचकाला त्या साहित्याचा विस्तृत परिचय करून देणाऱ्यांपैकी ते एक प्रमुख, आणि १९९४ साली नांदेडला स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. दलित साहित्याच्या चर्चेला व्यापक संदर्भ देणारे हे काम ज्या आवारात जोपासले गेले, त्या आवाराची ख्याती मात्र भौतिकशास्त्राच्या सराव परीक्षांनी झाली. 'पॅटर्न' या शब्दाने काय दाखवले याबरोबरच त्याने काय झाकले, याचीही नोंद साहित्याच्या अभ्यासकाने केली पाहिजे.

६

गावाचे नाव आणि 'पॅटर्न' हा साचा एकदा तयार झाल्यावर त्यात वाटेल तो आशय ओतणे सोपे होते. अकोला जिल्ह्यात प्रकाश आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली दलित आणि लहान बहुजन जातींची राजकीय आघाडी उभी राहिली, तिला नव्वदच्या दशकात 'अकोला पॅटर्न' म्हटले गेले. धुळे जिल्ह्यात भूजलतज्ज्ञ सुरेश खानापूरकर यांनी नाले खोल व रुंद करून पाणी जिरवले, तो 'शिरपूर पॅटर्न'. पीक विम्यातील विमा कंपनीच्या नफ्याला आणि तोट्याला मर्यादा घालणारी जी पद्धत बीड जिल्ह्यात २०२० साली लागू झाली, तिला शासनदरबारीही 'बीड पॅटर्न' म्हणतात. शिक्षण, राजकारण, पाणी, विमा या साऱ्यांत मूळ अर्थ शाबूत आहे: एके ठिकाणी सिद्ध झालेली आणि अन्यत्र गिरवण्याजोगी रीत.

या साच्याला कलाटणी मिळाली ती २०१८ साली, प्रवीण तरडे यांच्या 'मुळशी पॅटर्न' या चित्रपटाने. पुण्याच्या वाढीत मुळशी तालुक्यातील जमिनी विकल्या जातात, पैसा उडून जातो, आणि जमिनीच्या मालकाचा मुलगा गुन्हेगारीत ओढला जातो, असे त्याचे कथानक. याच मुळशीत १९२१ साली धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला होता. शंभर वर्षांच्या अंतराने जमीन जाण्याचीच ही गोष्ट. चित्रपटाच्या नावात 'पॅटर्न' अगदी नेमक्या अर्थाने येतो. एकामागून एक घरांत तेच घडत जाते, म्हणून तो पॅटर्न. शीर्षकातील उपरोधही लातूरची आठवण असल्याशिवाय पुरता उमगत नाही. एका गावाने डॉक्टर घडवण्याची रीत दिली, दुसऱ्या गावाला गुंड घडवणारी रीत मिळाली.

परंतु शीर्षक लेखकाच्या हाती राहत नाही. चित्रपटातील इशारा मागे पडला आणि ऐट पुढे आली. भरदिवसा झालेल्या खुनाच्या बातमीला 'मुळशी पॅटर्न' असा मथळा येऊ लागला. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर 'पॅटर्नच वेगळा' ही ओळ झळकू लागली. डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यातील मस्साजोगच्या सरपंचाची हत्या झाल्यानंतर 'बीड पॅटर्न' या शब्दांना विम्याऐवजी दहशतीचा अर्थ चिकटला. त्याच वर्षी 'नीट' परीक्षेतील गैरप्रकारांच्या तपासात लातूरचे नाव आले, तेव्हा 'लातूर पॅटर्न' हे शब्दही उपरोधाने वापरता येण्याजोगे झाले. नमुना आणि आश्रयदाता ही मूळची जोडी येथे पुन्हा एकत्र आलेली दिसते. ज्याचा पॅटर्न वेगळा, तो आता बहुधा कोणाचा तरी 'दादा' असतो, आणि त्याच्या मागे चालणाऱ्यांना तो संरक्षण देत असतो.

७

या बोलीकडे पाहण्याची एक सोपी रीत म्हणजे तिला अधोगती म्हणणे. चांगल्या शब्दाचे वाईट लोकांनी वाटोळे केले, असा तो युक्तिवाद. मला तो पुरेसा वाटत नाही, कारण हा शब्द जे तरुण वापरतात त्यांच्या बोलीतील इतर शब्दही त्याच कुळातले आहेत. 'विषय हार्ड' हा प्रयोग पाहा. ज्याच्याशी गाठ पडल्यास जड जाईल अशा माणसाविषयी किंवा प्रसंगाविषयी तो केला जातो, आणि त्यातील दोन्ही शब्द परीक्षेच्या मांडवातले आहेत. पूर्वीच्या मराठी ग्राम्य बोलीने आपली रूपके शेतातून, आखाड्यातून, तमाशाच्या फडातून उचलली. गेल्या तीस-चाळीस वर्षांच्या बोलीने ती वर्गातून उचलली, कारण या काळात गावोगावच्या तरुणांचा सर्वांत मोठा समाईक अनुभव परीक्षा हाच होता. ती उत्तीर्ण होणाऱ्यांचा आणि न होणाऱ्यांचाही. किंबहुना न होणाऱ्यांचा अधिकच, कारण त्यांची संख्या अधिक.

येथे 'पॅटर्न'चा अर्थ उलटण्याचे कारण हाती लागते. सराव परीक्षांची रीत एका महाविद्यालयापुरती होती तोवर ती रीत जाणणे हेच बळ होते. ती सर्वत्र गिरवली गेली, राज्याची प्रवेशपरीक्षा आली, २०१७ पासून राज्यातील वैद्यकीय प्रवेश 'नीट'च्या गुणांवर होऊ लागले, लातुरात आणि नांदेडात खाजगी शिकवण्यांची, वसतिगृहांची, अभ्यासिकांची स्वतंत्र पेठच उभी राहिली. सर्वांजवळ तीच रीत आली तेव्हा रीतीचा लाभ उरला नाही. लाखो मुले एकच कित्ता गिरवत असताना कित्त्याबरहुकूम असणे म्हणजे कोणीच नसणे. मग मोल येते ते वेगळे असण्याला. 'पॅटर्नच वेगळा' या प्रयोगात शब्द नमुन्याचाच राहिला आणि त्याच्यापुढे 'च' व 'वेगळा' येऊन बसले, ते या अवस्थेचे व्याकरण आहे. नांदेडच्या दखनी बोलणाऱ्या तरुणाच्या तोंडी 'अपना पॅटर्नच अलग है' असे येते, तेव्हा वाक्य उर्दूच्या वळणाचे असते आणि मराठीचा 'च' मात्र त्यात ठाम असतो. पूर्वीच्या हैदराबादी राजवटीत शेजारशेजारी राहिलेल्या दोन भाषांनी हा अव्यय वाटून घेतला आहे, आणि आता ही आकांक्षाही.

म्हणून या अशिष्ट प्रयोगाला मी एक प्रकारची लोकसमीक्षा म्हणेन. ती जाणीवपूर्वक केलेली नाही, आणि तिच्यातील गुंडगिरीच्या ऐटीचे समर्थन करण्याचेही कारण नाही. पण ती एक गोष्ट अचूक सांगते: सर्वांना खुली म्हणून जाहीर झालेली वाट प्रत्यक्षात मोजक्यांनाच पलीकडे नेते, आणि मागे राहिलेल्यांना त्याच वाटेच्या नावाखेरीज दुसरे काही मिळत नाही. ते नाव ते घेतात आणि आपापल्या परीने मिरवतात. उत्तीर्णांनी पदवी नेली, अनुत्तीर्णांनी शब्द नेला.

साहित्यविचाराला यातून घेण्यासारखे काही असेल तर ते असे. 'आकृतिबंध' या समीक्षेच्या संज्ञेने आपण रचनेतील पुनरावृत्तीचा, संगतीचा, एकात्मतेचा विचार करत आलो. त्या रचनेत कोण बसतो आणि कोण बाहेर राहतो, हा प्रश्न त्या संज्ञेने विचारला नाही, कारण ती वरून आलेली होती. 'पॅटर्न' हा तिचा अशिष्ट जुळा भाऊ खालून आला, त्याला गावाचे नाव लागले, सर्वनाम लागले, आणि हा प्रश्न त्याच्या अंगावर उमटला. ग्रामीण आणि दलित साहित्याच्या एका टप्प्यावर 'साचेबद्धते'ची तक्रार झाली, तेव्हाही साचा कोणी पाडला आणि तो पाडल्यावाचून प्रथम बोलू पाहणाऱ्या लेखकाला दुसरा कोणता मार्ग होता, हे क्वचितच विचारले गेले. कित्ता गिरवणे ही ज्याच्या घरात अक्षर नव्हते त्याची पहिली स्वतंत्र कृती असू शकते, हे लातूरच्या त्या उत्तरपत्रिकांनी दाखवले होते. कोशकार जेव्हा 'पॅटर्न'ची नोंद करतील तेव्हा त्यांनी गुंडाच्या ऐटीचा अर्थ जरूर द्यावा, पण त्याआधीचा अर्थही द्यावा. रात्री उशिरापर्यंत शंभर उत्तरपत्रिका तपासून सकाळी प्रत्येकाला त्याची चूक दाखवणाऱ्या एका प्राध्यापकाच्या कामालाही मराठीत काही काळ हेच नाव होते.